नारळी पुनवेनंतर

समुद्राचा अंदाज बांधताना शिवदास आयुष्यात एकदाच चुकला, आणि नेमका नको तेव्हा चुकला. हे सांगणारा मी बाळाजी मास्तर, रेवदंड्याच्या मिशनशाळेचा शिक्षक आणि आमच्या मंडळीचा चिटणीस. मंडळी म्हणजे सगळी मिळून अकरा ख्रिस्ती घरं. त्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मयती यांची वही माझ्या ताब्यात असते. लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे.

शिवदास जातीचा कोळी. ऐन तारुण्यात तो आणि त्याची बायको केसर ख्रिस्ती झाले. पुढे चौदा वर्षं तो उपदेशक होता. उपदेशकाने गावोगाव पायपीट करायची, शास्त्र शिकवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, आणि बाप्तिस्म्याची वेळ आली की बाजूला उभं राहायचं. डोक्यावर पाणी घालण्याचा अधिकार दीक्षा मिळालेल्या पाळकाचा, आणि पाळक राहायचे अलिबागेस.

त्याची आई नीराबाई दर रविवारी प्रार्थनेला यायची, पण उंबऱ्याबाहेर बसायची. बारा वर्षं ती तिथेच बसली. एकदा खुद्द मिशनचे साहेब तिला समजवायला आले. तिने त्यांना शहाळं पाजलं आणि सांगितलं, "मना दुसऱ्या कुणाचा पानी नको. माझा पोर पाद्री होईल, तवा त्याच्या हातानं घेईन." साहेब शहाळं पिऊन गेले.

म्हणून १९२८ च्या जूनमध्ये, सदतीस वर्षांचा हा बाप्या घाटावरच्या पाळकांच्या विद्यालयात जाऊन बसला. तीन वर्षांचा अभ्यास होता. ग्रीक, इब्री, मंडळीचा इतिहास, उपदेश कसा रचावा, सगळं होतं. बरोबरीची मुलं वीस-बावीसची होती आणि इंग्रजी फाडफाड बोलायची. याच्या बोटांना जाळ्याच्या सुईची सवय, त्यात टाक धरला की बोटं आखडायची. ग्रीकमध्ये दोनदा नापास झाला. साहेबांच्या टेनिसचं जाळं फाटलं होतं ते याने एका दुपारी विणून दिलं, आणि मुख्याध्यापकांनी तीन वर्षांत त्याची तोंड भरून तारीफ केली ती तेवढीच. इकडे केसर रोज पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चौलला जायची. सुट्टीत तो घरी आला की दोघं नुसती झोपून असायची. एवढी दमलेली नवराबायको मी दुसरी पाहिली नाहीत.

१९३१ च्या एप्रिलमध्ये तो पास झाला. शेवटच्या नंबराने झाला, पण झाला. आता फक्त दीक्षा उरली होती. ती द्यायला मुंबईहून मिशनच्या कमिटीचे तीन वृद्ध पाळक यायचे होते. धरमतरवरून गाडीने आणायचं तर म्हाताऱ्यांची हाडं खिळखिळी झाली असती. म्हणून कमिटीने विचारलं, मे अखेरीस हंगामाची शेवटची आगबोट येते, तिने येऊ का?

शिवदास तीन दिवस बंदरावर जाऊन उभा राहिला. वारा दक्षिणेचा होता, पाण्याचा रंग त्याला पटेना. चौदा वर्षं ख्रिस्ती उपदेश केलेला हा माणूस, पण दर्या एकदा फिरला की पुनवेचा नारळ त्यात पडायच्या आधी पाहुण्यांना पाण्यावर घालायचं हे त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने कमिटीला लिहिलं, दर्या नीट दिसत नाही, नारळी पुनवेनंतर यावे. कमिटीने मानलं.

त्या आठवड्यात समुद्र ताटातल्या पाण्यासारखा राहिला. आगबोट आली, कोकमाची पोती घेऊन निघून गेली. शिवदास किनाऱ्यावर उभा राहून पाहत होता. मी त्याला चार शब्द सुनावले, त्याने ऐकून घेतले. त्यात त्या वर्षी अधिक आषाढ आला, म्हणजे पुनव आणखी महिनाभर लांबली.

श्रावणात नीराबाईने अंथरूण धरलं. पुनवेला आठ दिवस होते. दुपारी केसरने मला बोलावणं धाडलं, मी गेलो तर म्हातारीचा श्वास वर लागला होता. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "जालास का रं पाद्री?"

शिवदासने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. आठ दिवसांवर दीक्षा होती, सगळा जन्म पणाला लावून मिळवलेली.

"जालू, आये," तो म्हणाला.

त्याने तांब्या घेतला, तिच्या पांढऱ्या केसांवर तीनदा पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. म्हातारी समाधानाने हसली. संध्याकाळच्या ओहोटीला ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत माझ्याकडे कागद मागायला आला. कमिटीला सगळं कळवायचं म्हणत होता.

"अरे, पाहणारे केसर आणि मी," मी म्हटलं. "कोण सांगणार आहे? गप्प राहा."

"मास्तर, पानी घातलं ते मी मागं घेनार न्हाय," तो म्हणाला. "पन 'जालू' म्हनलो, ते खोटं होतं. ते मागं घ्यायलाच हवं."

मला त्याचा भयंकर राग आला. कागद दिला, तो त्याच्या अंगावर फेकूनच.

कमिटीचं उत्तर आलं: दीक्षा रद्द, सदर बाप्तिस्मा वहीत नोंदवू नये. मी नोंदवला नाही. मला नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही.

पुढे सात वर्षं शिवदास उपदेशकच राहिला. तो लोकांना महिनोन् महिने शिकवून तयार करायचा, मग अलिबागेहून कुणी तरुण पाळक टांग्यातून यायचा, पाणी घालायचा आणि जेवून परत जायचा. पाण्याचं भांडं शिवदास धरायचा. तो कधी कुरकुरला नाही. फक्त दर वर्षी जास्त दमलेला दिसायचा. केसरने एकदा मला विचारलं, "तीन वर्सं मी पाटी वाहिली ती कशापायी, यवढं सांगा मास्तर."

परवा शिवदास गेला. त्याची मयत लिहायला मी वही उघडली. ती लिहून झाल्यावर १९३१ चं पान काढलं. श्रावणातल्या दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ मी तेव्हाच कोरी सोडली होती, का ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिथे लिहिलं: नीराबाई, वय अंदाजे सत्तर, बाप्तिस्मा. शेवटच्या रकान्यात तो कुणी दिला ते लिहावं लागतं. तिथे लिहिलं, पाळक शिवदास.

हे खोटं आहे, मला ठाऊक आहे. कमिटीने पाहिलं तर वही जाईल, नोकरीही जाईल. त्याने आपला शब्द मागे घेतला होता. मी माझा घेणार नाही.