माझ्या वतीने केलेली विनंती

शिवाजी पार्कच्या एका निवृत्त हेडक्लार्कने मला फसवलं. बिल्डरने तर फसवलंच, पण तो त्याचा धंदा आहे.

लालबागच्या चाळीत माझं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. बिल्डरने तोंडी कबूल केलेला रस्त्याकडचा गाळा नकाशात मागे, पाण्याच्या पंपाशेजारी गेला. मी पेटलो. भाव करण्यात मला कुणी हरवत नाही, पण इंग्रजी पत्र म्हटलं की शिवाजी पार्कला जाऊन या हेडक्लार्ककाकांना गाठायचं, ही आमच्या चाळीची जुनी रीत.

"लिहा काका, रस्त्याकडचा गाळा द्या, नाहीतर दुकान सोडत नाही."

"ही भाषा कागदावर चालत नाही," काका म्हणाले. "इंग्रजी पत्रात मागत नाहीत. रिक्वेस्ट करतात, सबमिट करतात. त्यांनी कन्सिडर केलं तर अप्रिशिएट करतात."

पत्र देखणं झालं. एकेक क्रियापद कडक इस्त्री करून, मान खाली घालून उभं. मला निम्मं कळलं नाही, म्हणून जास्तच आवडलं. सही ठोकली.

बिल्डरच्या ऑफिसातला माणूस खूश झाला. "क्या लेटर लिखा है, शेठ. नोंद घेतली." आणि फायलीत घातलं.

शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनींचाही गाळा मागे गेला होता. त्यांनी स्वतःच दोन ओळी खरडल्या. 'गिव्ह फ्रंट शॉप. आय नॉट गो.' आठवड्यात त्यांना बोलावणं आलं, रस्त्याकडचा गाळा करारात चढला.

"वहिनी, इंग्रजी चुकलंय तुमचं."

"भावजी, गाळा बरोबर आहे ना?"

मला उत्तर मिळालं, "तुम्ही विनंती केलीत, आम्ही विचार केला, जमलं नाही." विनंतीचं आणखी काय होणार?

तडक शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर काकांना गाठलं.

"चाळीस वर्षं असंच लिहिलं," ते म्हणाले. "एका पत्रावर आक्षेप आला नाही."

"उत्तरं किती आली?"

"साहेबांना लिहिलेली पत्रं ती. उत्तर त्यांच्या मर्जीवर."

"बिल्डर माझा साहेब कधीपासून झाला?"

काका बुटाची नाडी बांधू लागले. ती आधीच बांधलेली होती.

मी अजून दुकान सोडलेलं नाही. सोमवारी पुन्हा त्या ऑफिसात जाणार आहे. काकांनी सोबत यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं: माझ्या वतीने हात जोडायला त्यांना कुणी सांगितलं होतं?