चंद्राचा दमा आणि खडूची धूळ

ईट गावात आमच्या आणि विष्णुपंत मास्तरांच्या घरात एकच भिंत. मी तवा नवी सून, कान सोडून दुसरं काही उघडायची मुभा न्हवती. भिंतीपलीकडं भांडण चाललेलं.

"जाऊ द्या तिला धाराशिवला," मास्तरांची बायको, आमच्या काकू, म्हणत होत्या. "दम्याची पोर कुणी करून घेणार नाही. उद्या भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे का तिनं?"

निजाम जाऊन मराठी शाळा आल्या होत्या, बाईमास्तर मिळत न्हवत्या. मास्तरांची लेक चंद्रा सातवी पास, धाराशिवच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगला तिला आनंदानं घेतलं असतं.

"खडूची धूळ मी रोज खातो," मास्तर म्हणाले. "तिची छाती काय लोखंडाची आहे?"

"आणि माझ्या चुलीतनं अत्तर निघतं व्हय?"

"तोंड आवर. घरात असली की डोळ्यांपुढं तरी राहील."

चंद्राला कुणी विचारलं न्हाय. तिचा खोकला चुलीकडनं येत होता.

मास्तरांची माया खोटी न्हवती, हेच वाईट. पुढं काकू वारल्या. चूल, जातं, मिरच्या कुटणं, तुरी पाखडणं, सगळं चंद्राच्या गळ्यात आलं. ही धूळ दम्याला बाधंल असं मास्तरांच्या मनात कधी आलं न्हाय. घरातली धूळ ती, तिची काय भीती? कुटताना चंद्रा तोंडाला पदर बांधायची, मधीच मुसळाला टेकून उभी राहायची.

"चंद्रे, आण, मी कुटते," मी म्हणायची.

"नको वहिनी. हेच माझं ट्रेनिंग. मधी सोडलं तर नापास करतील."

ट्रेनिंगला गेला तो तिचा भाऊ वसंता. कसाबसा पास होऊन बापाच्याच शाळेत मास्तर झाला. इकडं मास्तर येईल त्याला सांगायचे, "घरात ठेवली म्हणून पोर जगली."

ज्या रात्री ती दम्यानं गेली, त्या दिवशीही दुपारी वसंताचा डबा घेऊन निघाली. शाळा गावाच्या पार त्या टोकाला. मी बाजारातनं येताना तिच्यासंगं झाले. शाळेच्या पायरीवर बसून आधी तिनं दम खाल्ला, मग डबा आत दिला.

"आज लई उशीर केलास," वसंता म्हणाला.

"लाकडं ओली होती."

त्याचं जेवण होईस्तोवर ती पायरीवरच थांबली. आत पोरं पाढे म्हणत होती. रिकामा डबा घेऊन ती घरी आली, राखेनं घासला, धुतला आणि कट्ट्यावर पालथा घालून ठेवला.