जाऊबाईंच्या वाट्याचं संत्रं
संत्र्याच्या सालीचा वास आला की मला कोकणातला कड्यावरचा तो किल्ला आठवतो, एके काळी समुद्री चाच्यांचा अड्डा असलेला. माझ्या लग्नात वडिलांनी शेंदूरजनाघाटहून आणलेली संत्र्यांची पेटी थोरल्या जाऊबाईंनी "आंबट आहेत" म्हणत त्यांच्यादेखत बकऱ्यांपुढे ओतली होती. वर्षभराने आम्ही सगळे तो किल्ला चढलो. माथ्यावर रणरणतं ऊन, खाली नुसतं खारं पाणी, बाटल्या रिकाम्या. माझ्या पिशवीतली माहेरची संत्री मी सगळ्यांना वाटली. जाऊबाईंनीही हात पुढे केला. "बकऱ्यांचं खाणं तुमाले कसं चालन, ताई?" म्हणत मी त्यांच्या वाट्याचं संत्रं सोललं आणि तटावर चरणाऱ्या बकरीला एकेक फोड भरवली. आता जाऊबाई थकल्यात. काल त्यांनी संत्रं मागितलं. सोलता सोलता मी विचारलं, "आंबट तं नाई लागन ना, ताई?"