जावयाचा एसी आणि माझं कार्ड

इतवारी बाजारातल्या एका भांड्यांच्या ठोक दुकानात मी हिशेब सांभाळतो. शेठचा एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मला दुपारचा डबा गोड लागत नाही. स्वतःच्या रुपयांबाबत मात्र मी फार उदार मनाचा आहे, हे सिद्ध व्हायला एक क्रेडिट कार्ड पुरलं.

कार्ड आलं तेव्हा आमच्या नात्यात ते फक्त माझ्याकडे होतं. मावशीचा मिक्सर, चुलतभावाचा मोबाईल, साळ्याच्या गाडीचे टायर, सगळं माझ्या कार्डावर. दुकानदाराच्या मशीनवर कार्ड टेकवताना मी अशी मान वर करायचो, की जणू आख्खं दुकानच विकत घेतोय. "कार्डावर आहे, टेन्शन नका घेऊ," हे माझं आवडतं वाक्य. वर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर वस्तू फुकट, हेही मी न विचारता सांगायचो.

नातेवाईक बिचारे प्रामाणिक. रोख पैसे लगेच माझ्या हातात ठेवायचे. आणि इथेच माझ्यातला हिशेबनीस रजेवर जायचा. खिशात नोटा आल्या की मला ती कमाईच वाटायची. कार्डाचं बिल येईपर्यंत त्या नोटांचे तर्री-पोहे, सिनेमे आणि हॉटेलातली जेवणं झालेली असायची. मग बिलावर जी सगळ्यात छोटी रक्कम लिहिलेली असते ती भरायची आणि सुटलो म्हणायचं. उरलेल्यावर महिन्यामागून महिना व्याज चढत होतं, ते चढू दिलं.

बायको शाळेत शिकवते. भाड्याच्या घरात पंपाची मोटर कोणी लावायची यावरून घरमालकिणीशी भांडून ती थकली होती. तिने शहराच्या टोकाला, बेसाला, एक दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून ठेवला. गृहकर्जासाठी आम्ही बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कॉम्प्युटरमध्ये. म्हणाले, "आधी हे कार्ड पूर्ण मोकळं करा, मग या."

बाहेर आल्यावर बायकोने स्कूटरपाशी विचारलं, "कार्डाले व्याज किती लागते?"

"मले काय माहीत."

"शेठच्या दुकानात काय करता मग तुम्ही दिवसभर?"

मी स्कूटरला किक मारली. बिल्डरने दिवाळीपर्यंत फ्लॅट राखून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर तो दुसऱ्याला. तेव्हा एप्रिल चालू होता.

वाट सापडली ती कार्ड घ्या म्हणणाऱ्या एका फोनमुळे. एरवी असे फोन मी "मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापतो, भांड्यांच्या दुकानात कसली मीटिंग देव जाणे. त्या दिवशी बायकोने स्पीकर लावला. फोनवरची मुलगी सांगत होती की जुन्या कार्डाची उधारी त्यांच्या बँकेच्या नव्या कार्डावर न्यायची. सुरुवातीला थोडी फी, आणि मग सहा महिने त्या रकमेवर व्याज नाही.

"और छे महिने के बाद?" बायकोने विचारलं.

"फिर जो बाकी रहेगा उसपे नॉर्मल इंटरेस्ट, मॅडम."

"बीच में इसी कार्ड पे नया कुछ लिया तो?"

"उसपे पहले दिन से इंटरेस्ट लगेगा, मॅडम."

बायको माझ्याकडे वळली. "ऐकलं नं?"

मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

उधारी नव्या कार्डावर गेली. सहा हप्ते पाडले. आमच्या दोघांच्या पगारातून जेमतेम बसत होते, पण बसत होते. पहिला हप्ता भरला तेव्हा मी संध्याकाळभर शीळ घालत होतो.

आणि मे महिन्यात मौद्याहून भाऊजींचा फोन आला. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान म्हणजे आमच्या घरचे जावई. जावयाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. वडील तर जावई आले की स्वतःची खुर्ची सोडून उभे राहायचे.

"काय गा, साळेबुवा," भाऊजी म्हणाले, "इथं उकडून राहिलं बे. एसी घ्या लागते. तुह्या कार्डावर होऊन जाईन काय?"

"होऊन जाईन म्हणजे काय, भाऊजी! झालाच समजा."

"अन् पैशाचं कसं?"

"कार्डावर आहे, टेन्शन नका घेऊ. आपल्या खिशातून काय चाललं!"

मौद्याला थंड हवा सुरू झाली आणि इकडे नव्या कार्डावर एसीच्या किमतीला पहिल्या दिवसापासून व्याज. बिल पाहून बायको रागावली नाही. शाळेतल्या ढ पोराशी बोलतात तशी हळू बोलली. "पैसे मांगा. नाहीतर दिवाळीपर्यंत हे कार्ड मोकळं होत नाही, अन् फ्लॅट गेला."

मांगा! जावयाला! तरी गेलो. एका रविवारी मौद्याला गेलो, जेवलो, एसीची तारीफ केली आणि पिशवीभर वांगी घेऊन परत आलो. पुढच्या खेपेला बहिणीने लोणच्याची बरणी दिली. तिसऱ्या खेपेला मी फाटकापाशी वाक्य पाठ करून आत शिरलो आणि पुन्हा वांगी घेऊन निघालो.

बायकोने वांगी ओट्यावर ठेवली. "बँक हे घेते काय?"

चौथ्या रविवारी ती सोबत आली. भाऊजींच्या खोलीत एसी इतका जोरात चालू होता की बाहेर रणरणतं ऊन आणि आत बहीण अंगावर शाल घेऊन कांदा चिरत होती. चहा आला. बायकोने कप खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, "भाऊजी, एसीचे पैसे पाह्यजेत. नाहीतर आमचं बेसाचं घर हातचं जाते."

मी जमिनीकडे पाहू लागलो. आता जावई रुसणार, बहीण रडणार, सात पिढ्यांचा उद्धार होणार.

भाऊजी माझ्याकडे वळले. "पैसे द्याचे होते काय? मले वाटलं ते पॉइंटांवर फुकट भेटलं! तूच म्हणे नं, आपल्या खिशातून काय चाललं!"

"तसं नाही, भाऊजी..."

"तीनदा आला, तीनदा जेवून गेला, तोंड काहून नाही उघडलं बे?"

"तोंड उघडलं होतं नं त्यानं," बहीण म्हणाली, "जेवताना."

भाऊजींनी अर्धे पैसे तिथेच मोबाईलवरून पाठवले, उरलेले पगार झाल्यावर. वर म्हणाले, व्याजही देतो. बायको म्हणाली, "नको, व्याज यांच्या बोलण्याचं आहे, हेच भरतील." भरलं. त्यासाठी चार महिने बाहेरचे पोहे बंद, आणि नात्यात जाहीर झालं की कार्ड हवं असेल तर सुनबाईला विचारा. कोणी विचारलं नाही. तिला विचारायला सगळे घाबरतात, मी धरून.

शेवटचा हप्ता दिवाळीच्या आधी गेला. कार्ड मोकळं झाल्याचा कागद बँकेच्या साहेबांनी दोनदा वाचला आणि मला चहा विचारला. मी नको म्हणालो. मला वाटलं त्याचीही फी असेल.

आता आम्ही बेसात राहतो. कोणी पाहुणे आले की बायको त्यांना घर दाखवते, दोन्ही खोल्या, ओटा, गॅलरी, न्हाणीघरातला नळ उघडून पाण्याचा जोरसुद्धा. मी मागे हात बांधून सगळ्यांच्या मागून फिरतो, चेहऱ्यावर असा भाव आणून की विटा मीच रचल्या. पाहुणे माझी तारीफ करतात. बायको ती खोडून काढत नाही.