खाडीचा समुद्र झाला

करावे गावात आमच्या मागच्या दाराशी शेजारच्या पोराच्या बांबूच्या खोल्या होत्या. खाडीतले फ्लेमिंगो बघायला येणारे तिथे उतरत. त्यांच्या भाकऱ्या मी भाजत असे. बोलताना तो डोकं खाजवायचा आणि प्रत्येक वाक्य "हाय ना?" म्हणून संपवायचा. खोटं त्याला जमत नसे. कुणी फोनवर खोलीची चौकशी केली की हा आधी चिखल सांगायचा, मग डास आणि मग खोली.

पुढे त्याने खोल्या एका मोठ्या बुकिंग कंपनीच्या ॲपवर टाकल्या. त्याने "खाडीकाठी" लिहिलं होतं, कंपनीने ते "समुद्रकिनारी" केलं. लोक पोहायचे कपडे घेऊन येत, चिखल बघून यालाच लबाड म्हणत आणि ॲपवर तसंच लिहीत.

तो रोज कंपनीला फोन लावायचा. "ताई, खाडी हाय, दर्या नाय. तेवढा एक शब्द बदला, हाय ना?"

"अरे मेल्या, ती बाई नाही, मशीन आहे," मी म्हटलं.

"असू दे काकी. बोलते तर गोड, हाय ना?"

शब्द बदलला नाही. पाहुणे यायचे थांबले. एका सकाळी त्याने खोल्यांची पाटी उतरवली आणि पाय रुतू नयेत म्हणून होडीच्या वाटेवर चिखलात टाकली. आता तिच्यावर पाय देऊन तो मासे धरायला जातो.

परवा कुणीतरी सामान घेऊन आलं आणि समुद्र कुठे म्हणून विचारू लागलं.

"इथं नाय," तो म्हणाला.

पुढे "हाय ना?" म्हणाला नाही.