छाटलेली शेवंती

संक्रांत होऊन आठवडा झाला, तरी धायरीतली थंडी हटायला तयार नव्हती. कालव्याकडून आलेलं धुकं सोसायटीच्या गेटातच ठिय्या देऊन बसलं होतं. विमलाबाईंनी डोक्यावरची पाटी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकवली, पदर कानांभोवती आवळला आणि फुलपुड्या बांधायला घेतल्या. थोडा झेंडू, थोडी कण्हेर, दूर्वांची जुडी, तुळस. वर पळसाचं पान आणि दोऱ्याचे वेढे. मधे ताप आला म्हणून काही दिवस सुनेनं पुड्या टाकल्या होत्या. तिनं कुणाच्या दाराला काय अडकवलंय देव जाणे, असं पुटपुटत त्यांनी टाकीमागं पाहिलं आणि हातातला दोरा गळून पडला.

शेवंतीचा वाफा नव्हता. नुसती सपाट केलेली माती.

सोसायटीच्या या दोन इमारती उभ्या होत्या ते एकेकाळी त्यांचंच शेत. पुण्यात कंपन्या आल्या, कंपन्यांमागं माणसं आली, धायरीच्या जमिनीला भाव आला. नवरा आधीच गेलेला; दिरांनी सह्या केल्या, विमलाबाईंनी अंगठा. बांधावरची सासूची शेवंती तेवढी त्यांनी बिल्डरच्या हातापाया पडून टाकीमागं आणून लावली. बारकी, पिवळीजर्द, चुरगळली तर बोटांना दिवसभर वास देणारी. बाजारातली फुलं मोठी, पण वासाच्या नावानं बोंब. ही जात आता गावात दुसऱ्या कुणाकडं राहिली नव्हती. ती गेली म्हणजे शेतातलं शेवटचं काही गेलं.

पौषात बहर संपला तसा त्यांनी नेहमीप्रमाणं विळा चालवला होता. फुलून गेलेली दांडी लाकूड होते. ती वितभर ठेवून छाटली की बुडातून कोंब फुटतात, त्यांना काश्या म्हणतात. आषाढात त्या वेगळ्या करून लावल्या की दिवाळीला पुन्हा सगळं पिवळं. पण छाटलेला वाफा परक्याला मेलेलाच दिसतो.

सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ माकडटोपी घालून, दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते.

"सायेब, माजी शेवंती कुटं हाय?"

"शेवंती? अहो, वाळक्या काटक्या होत्या त्या. परवा उपटून गेटपाशी ढीग लावला. इथे लॉन करायचंय."

"मंग ढीग कुटं हाय?"

"कचऱ्याची गाडी ढीग आठवण म्हणून ठेवून जाते का? नेला असेल," म्हणत ते जिन्याकडं निघाले, जरा जास्तच घाईनं.

विमलाबाईंनी दोरा उचलून या इमारतीपुरत्या पुड्या बांधल्या. शेवंती गेली, तरी पुड्या तर टाकायलाच हव्या होत्या. पहिला मजला कसाबसा झाला. दुसऱ्यावर कडीला पुडी अडकवताना पायाला काहीतरी लागलं. रंगाचा रिकामा डबा. डब्यात माती, मातीत वितभर खोड. त्या मटकन खाली बसल्या. बुडाशी बोट फिरवलं तर कोवळी, गार, हिरवी काशी! एक पान चुरगळून नाकाशी धरलं. तीच ती.

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची बेल वाजवली नव्हती. आज बटण दाबलं ते सोडलंच नाही.

दार प्रियदर्शनीनं उघडलं. वर्ध्याची पोरगी, खराडीच्या कंपनीत रात्रपाळी करणारी. डोळे अजून मिटलेलेच.

"काय झालं मावशी? आत्ताच झोपली होती मी."

"झोप मंग. आदी सांग, ही कुटनं आनली?"

"हे? अवो, फेकून राहिले होते! मी काल सकाळी कॅबमधून उतरली तं गेटपाशी ढीग. माझ्या आईकडे पण अशीच छाटतात नं, म्हणून वाकून पाहिलं, तर जिवंत! मग मी सगळ्यांच्या बेल वाजवल्या. म्हटलं, न्या फ्रीमध्ये. दहा मिनटात ढीग साफ!"

"समदी नेली?"

"एक नाही उरली. चुकलं का माझं?"

विमलाबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मग जिन्याजिन्यानं त्यांना त्यांची झाडं भेटत गेली. तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत, एक तर तान्ह्या बाळाच्या टबात. चौथ्या मजल्यावर चिनीमातीच्या झकास कुंडीत, आणि कुंडीत पाणी तुडुंब. दारावर पाटी दीनानाथांची. तेही दारातच उभे.

"सायेब, वाळक्या काटक्यास्नी कुंडी लई भारी घेतली की!"

"आमच्या हिने आणली. मला कोण विचारतं?"

आतून आवाज आला, "अहो, मी कुठे? तुम्हीच तर दोन बगलेत मारून आलात!"

दीनानाथांनी माकडटोपी उगाच खाली ओढली. "तुम्ही परत मागाल म्हणून बोललो नाही."

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पर येवढं पानी? म्हस हाय का ती?" विमलाबाईंनी कुंडी कलती करून पाणी ओतून दिलं. "आषाढात काश्या मला द्या, एक तुमाला ठिवा. पर लावू कुटं?"

"टाकीमागेच लावा. लॉन पुढे करू." दीनानाथ खाकरले. "मात्र छाटलीत की मला सांगत जा. सेक्रेटरीला सगळं कळतं, हा लोकांचा गैरसमज आहे."

छातीवरचा धोंडा उतरला तशा विमलाबाई पायरीवरच बसल्या आणि पदरानं तोंड पुसता पुसता एकट्याच हसल्या. मग एकदम आठवलं, पलीकडच्या इमारतीच्या पुड्या अजून बांधायच्याच आहेत. तिथली मंडळी आंघोळी उरकून देवापुढं खोळंबली असतील. लगबगीनं खाली येऊन त्यांनी कोमेजू लागलेल्या कण्हेरीवर पाण्याचा हबका मारला, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि पाटीतलं पुढचं पान उचललं.