आमसुली भिंत

अमेरिकेत आले त्याच्या पहिल्याच ऑक्टोबरात शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "फॉल कलर्स पाहिलेस का?" माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातलं मॅचिंग सेंटर उभं राहिलं. साडीच्या काठाला आतून लावायच्या फॉलच्या शेकडो छटा, कप्प्याकप्प्यांत घड्या घालून ठेवलेल्या. म्हटलं, इथेही मिळतात तर! आनंदाने विचारलं, "कुठल्या दुकानात?" बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. इथे फॉल म्हणजे पानगळ; समोरची मेपलची झाडं शेंदरी झाली होती. पुढे महिनाभर नवरा ही गोष्ट भेटेल त्याला सांगून हसत होता. चूक माझी होती असं मला मात्र आजही वाटत नाही.

रंग मला कळतो. शेंदरी आणि केशरी यांत फरक आहे, हळदी आणि केतकी यांत तर जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि अबोलीला कुणी ऑरेंज म्हटलं की माझं डोकं फिरतं. नवऱ्याला तीनच रंग ठाऊक होते: लाल, निळा आणि ब्राऊन. पानगळीत आम्ही डोंगराच्या रस्त्याने गाडी घेऊन जायचो, मी एकेक झाड ओळखून रंग सांगायची आणि तो म्हणायचा, "छान आहे, सगळं ब्राऊन आहे."

असा मनुष्य घराचे रंग ठरवायचा. आधी अपार्टमेंट होतं, तिथे लीजमध्ये लिहिलेलं, भिंतींना हात लावायचा नाही. मग हर्नडनला स्वतःचं घर घेतलं. मी त्याच आठवड्यात हळदी रंगाचा डबा आणायला निघाले, तर हा दारात उभा. "वेडी आहेस का? उद्या विकायचं झालं तर?" उद्या म्हणजे ग्रीन कार्ड आलं की, किंवा मुलाचं कॉलेज संपलं की, किंवा पुण्याला परत जायचं ठरलं की. यातलं काहीही झालं तरी भिंती पांढऱ्याच राहणार होत्या. भाड्याचं म्हणून एक घर कोरं, स्वतःचं म्हणून दुसरं कोरं. बावीस वर्षं मी त्या अनोळखी खरेदीदारासाठी घर स्वच्छ ठेवलं आणि तो कधी आलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये नवरा गेला. त्याची आठवण येते, रोज येते. भिंतींवरून मात्र मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि गेलेल्या माणसावर रागवू नये हा नियम कुणी केला मला माहीत नाही.

मागच्या सप्टेंबरात मुलाचा शिकागोहून फोन आला. तो इथलाच जन्मलेला, मराठी समजतो, बोलताना मात्र इंग्रजीवर घसरतो. म्हणाला, "आई, लिसन. दॅट हाउस इज टू बिग फॉर यू. वी आर फिनिशिंग द बेसमेंट. सेपरेट बाथरूम आणि सगळं. डेव्हन ॲव्हेन्यू पण फार लांब नाही, तुला कढीपत्ता, साडी, सगळं मिळेल."

"बेसमेंटला खिडकी आहे का?" मी विचारलं.

"आहे ना. स्मॉल वन. वरती."

मुलगा वाईट नाही. त्याला माझी काळजी वाटते हे मला कळत होतं, म्हणून तर मला नाही म्हणता येईना. बघू, म्हटलं. आमच्याकडे बघू म्हणजे नाही असतं. त्याने ते हो असं ऐकलं आणि आठवड्याभरात घरं विकून देणारी रिअल्टर बाई दारात.

बाई गोड होत्या. घरभर फिरल्या आणि एक यादी देऊन गेल्या. घरातल्या माणसांचे फोटो काढून ठेवायचे. देवघर कपाटात न्यायचं. घर दाखवायच्या दिवसांत फोडणी करायची नाही. आणि सगळ्या भिंती पुन्हा एकदा, न्यूट्रल रंगात. सोबत रंगांच्या पट्ट्या होत्या. ओटचं दूध, ओली वाळू, शांत धुकं अशी नावं. ताकात कमीजास्त पाणी घातल्यासारखे सगळे रंग. पांढऱ्या भिंतीसुद्धा त्यांना पुरेशा न्यूट्रल वाटल्या नव्हत्या.

ती यादी वाचताना मला माझी एक चुलत आजी आठवली. आजोबा गेल्यावर घरच्यांनी तिच्याकडूनही असंच एकेक काढून घेतलं होतं: रंगीत लुगडी, बांगड्या, हळदीकुंकवाचं आमंत्रण. आमच्याकडे बाई विधवा व्हायची, इथे घर विकायला काढलं की घर विधवा होतं. यादी मी फ्रिजवर चुंबकाने लावली, दिसत राहावी म्हणून.

त्यातच नवरात्र आलं. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर नऊ दिवसांच्या नऊ रंगांची यादी येते, त्या दिवशी त्या रंगाची साडी नेसायची आणि एकत्र फोटो काढायचा. लाल रंगाच्या दिवशी मी माझी कुंकवासारखी लाल साडी नेसून हॉलवर गेले. सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. मीही कडेला उभी राहू लागले, तर एक जण लाडाने म्हणाली, "काकू, तुम्ही काढता का फोटो? तुमचा हात अगदी स्टेडी आहे." माझा हात स्टेडी आहे हे तिला कुठून कळलं देव जाणे. मी फोन घेतला आणि फोटो काढला. चांगला आला. घरी येऊन लाल साडीतच सोफ्यावर बसले आणि खूप रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं होतं. त्यांच्यापेक्षा स्वतःचा राग जास्त आला, कारण फोटो मी काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायवाटेवर फिरायला गेले. तिथे ओढ्याच्या काठाला डॉगवुडची झाडं आहेत, बुटकी, मेपलच्या गर्दीत कुणी न बघणारी. एका फांदीवर मला तो रंग दिसला. लाल नाही, जांभळा नाही, वाइन वगैरे तर नाहीच. आमसुली! वाळून काळसर पडलेल्या आमसुलाला उजेडात धरलं की कडेने जो लालजांभळा दिसतो, तो. झाडाला पंधरा दिवसांत संपूर्ण बोडकं व्हायचं होतं, आणि ते न्यूट्रल व्हायला तयार नव्हतं. मी एक पान तोडलं आणि घरी जाताना ठरवलं, दार उघडल्यावर समोर येते ती भिंत या रंगाची होणार.

मॅचिंग सेंटरचा एक नियम माझ्या आईने मला घालून दिला होता. नमुना घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग पसंत करायचा नाही, कापड घेऊन बाहेर उन्हात यायचं. पान वाळून रंग बदलू नये म्हणून ते ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून, झिपलॉकमध्ये घालून, फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवलं. शनिवारी मुलगा येणार होता, तो गेला की दुकानात जायचं ठरवलं.

मुलगा आला. रिअल्टर बाईंशी बोलला, लॉन कापलं, माझा फ्रिजसुद्धा साफ केला. सोमवारी निघण्याआधी जेवताना म्हणाला, "आई, आय टॉस्ड सम रॉटन स्पिनच. तू एक्स्पायरी डेट्स बघत जा ना."

"पालक नव्हताच घरात."

"देन द रेड वन. लाल माठ ऑर समथिंग."

मी जागची उठले. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. "ते पान होतं," मी म्हणाले. "झाडाचं पान होतं ते!" त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखते. बाईचं वय झालं, झाडाची पानं फ्रिजमध्ये ठेवते, आता तर बेसमेंट आणखी लवकर हवं, अशी ती नजर होती. जाताना त्याने सांगितलं, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधी घराचे फोटो काढायला फोटोग्राफर येईल, तेव्हा मी विक्रीच्या सह्यांसाठी पुन्हा येतो.

तो गेल्यावर मी पायवाटेवर धावले. दोन दिवस पावसावाऱ्याने झोडपून काढलं होतं. डॉगवुड रिकामं, खाली चिखलात सगळी पानं नवऱ्याच्या आवडत्या ब्राऊन रंगाची. तिथेच उभी राहून मी स्वतःवर चिडले. मग डोक्यात उजेड पडला. ज्याच्यावरून रंगाचं नाव पडलं, ते माझ्या ओट्यावरच्या बरणीत होतं.

मी बरणीतून चार आमसुलं घेतली आणि रंगाच्या दुकानात गेले.

काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते, एप्रनवर शंभर घरांचे शिंतोडे. मी कागदी रुमालातून आमसूल काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला. "मॅम, व्हॉट ॲम आय लुकिंग ॲट?"

"फ्रूट," मी म्हणाले. "ड्राइड. आय वाँट माय वॉल लाइक धिस."

त्यांनी ते हुंगून पाहिलं. बहुतेक आवडलं, कारण पुढे त्यांनी हसण्याऐवजी काम सुरू केलं. आमसूल चिकट, सुरकुतलेलं, त्यामुळे रंग वाचणाऱ्या यंत्राला ते वाचता येईना. त्यांनी पारदर्शक कागदात ठेवून ते चपटं केलं. यंत्राने उत्तर दिलं: ब्राऊन. मला हसूच फुटलं. यंत्र अगदी आमच्या घरातलं होतं.

"नो," मी म्हणाले. "नॉट ब्राऊन. थर्टी इयर्स आय हॅव हर्ड ब्राऊन."

मग त्यांनी यंत्र बाजूला सारलं आणि डोळ्यांनी सुरुवात केली. थोडा लाल, थेंबभर काळा, जांभळा. काडीवर लावून मला दिला. मी काडी आणि आमसूल घेऊन दाराबाहेर पार्किंग लॉटमध्ये गेले, उन्हात धरलं, परत आले. फार गुलाबी. दुसऱ्यांदा गेले, फार वांगी. तिसऱ्यांदा मी दाराकडे निघाले तेव्हा तेही एप्रन सावरत माझ्याबरोबर बाहेर आले. आम्ही दोघं गाड्यांच्या मध्ये उभे राहून एका आमसुलाकडे बघत होतो.

"देअर शी इज," ते म्हणाले.

तोच होता. पानाचा रंग, जसाच्या तसा. डब्यावर लिहायला त्यांनी रंगाचं नाव विचारलं. मीच मार्कर घेतला आणि झाकणावर देवनागरीत लिहिलं: आमसुली.

भिंत मी स्वतः रंगवली. गुडघे बोलत होते, त्यांना बोलू दिलं. लांब दांड्याचा रोलर, जुनी नायलॉनची साडी जमिनीवर अंथरलेली. पहिला हात भयंकर दिसला, डागडाग, कत्तल झाल्यासारखा. मी घाबरले. सोफ्यावर बसून चहा प्यायले आणि दुसरा हात दिला. मग तिसरा. संध्याकाळचं ऊन समोरच्या खिडकीतून त्या भिंतीवर आलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत बसून राहावंसं वाटलं. भिंतीवर नवऱ्याचा फोटो लावला. त्यालाही बघू दे. जिन्याजवळच्या कोनाड्यासाठी हळदीही आणला.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी मुलगा आला. मी कोनाड्याच्या कडेला रंगाआधीची चिकटपट्टी लावत होते. दार त्याच्या किल्लीने उघडल्याचं ऐकू आलं.

"आई! व्हॉट डिड यू डू?"

"रंग दिला."

"फोटोग्राफर उद्या येतोय! हे कव्हर करायला प्रायमरचे तीन कोट लागतील. सीरियसली, हे घर घेणार कोण?"

"कुणीच नाही घेणार," मी म्हणाले. "म्हणूनच दिला. फोटोग्राफर कॅन्सल कर. त्या बाईंनाही फोन कर. गोड आहेत बिचाऱ्या, माझा नमस्कार सांग."

त्याचा चेहरा पडला. "तू एकटी आहेस इथे. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "इथे राहूनच वाटू दे. तुझ्या बेसमेंटमध्ये मी पाहुणी म्हणून येईन, उन्हाळ्यात, पंधरा दिवस. सामान म्हणून येणार नाही."

त्याने भिंतीकडे पाहिलं, बापाच्या फोटोकडे पाहिलं, मग खाली वाकून डबा उचलला. झाकणावरची अक्षरं एकेक करून वाचली, लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत वाचायचा तशी. "आ-म-सु-ली. लाइक सोलकढी?"

"त्यातलंच."

मग त्याने डबा फिरवून मागचं इंग्रजी वाचलं. रंगाच्या दर्जाबद्दल काहीबाही, आणि शेवटी ठळक अक्षरांत लाइफटाइम वॉरंटी. तो थकून हसला. "लाइफटाइम. हूज लाइफटाइम?"

"माझा," मी म्हणाले, आणि त्याच्या हातात ब्रश दिला.